सातपुड्यातले घरचे सुतार

अक्राणी महालात, म्हणजे आजच्या धडगाव तालुक्यात, घर बांधायला सुतार बोलावण्याची रीत नव्हती. मी तळोद्यात वाढले, त्यामुळे शिक्षिका म्हणून वर बदली होईपर्यंत हे मला ठाऊकच नव्हतं. आमच्याकडे पाटाचा पाय निखळला तरी तो सुताराच्या ओट्यावर नेऊन ठेवायचा आणि पुढच्या बाजाराच्या दिवशी परत आणायचा. डोंगरात मात्र पावरा आदिवासी घरातला बाप, त्याचे भाऊ, मेहुणे आणि ‘लाह’ म्हणून आलेले शेजारी मिळून लाकूड तासत, सांगाडा उभा करत आणि संध्याकाळी यजमानाच्या अंगणात जेवायला बसत. लाहेत मजुरी नसते. आज तुम्ही माझ्याकडे आलात, उद्या मी तुमच्याकडे येईन, एवढाच हिशेब.

नंदुरबार हा जिल्हा तसा नवा, १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झालेला. पण तापीकाठचा सपाट खानदेश आणि नर्मदेकडे उतरणारा सातपुडा हे त्याचे दोन भाग फार जुने आहेत, आणि दोन्हीकडची सुतारकामाची शाळा वेगवेगळी आहे. सपाटीवर हे काम एका जातीच्या घरात राहिलं. डोंगरात ते घरोघरी होतं. आता शहरातली माणसं गच्चीवर, पार्किंगमध्ये चार हत्यारं घेऊन लाकूडकाम शिकू लागली आहेत आणि तो एक नवा छंद समजला जातो. सातपुड्याचा इतिहास पाहिला तर घरच्या घरी लाकूड शिकणं हीच इथली जुनी चाल दिसते. ती मोडली कशी, हे मला सांगायचं आहे.

आधी ती चाल कशी होती ते सांगते. घराचा सगळा भार मेढींवर. मेढ म्हणजे वरच्या टोकाला नैसर्गिक दुबेळकं असलेला खांब. जंगलात फिरताना माणूस असं झाड हेरून ठेवतो आणि वर्षा-दोन वर्षांनी घराचं निघालं की तेच आणतो. दुबेळक्यात आढं बसतं, आढ्यावरून वासे उतरतात, वाशांवर बांबूच्या कांबी आणि कौलं. भिंती म्हणजे बांबूचे कूड, शेणामातीने लिंपलेले. खिळा जवळजवळ नाही. झाडाने स्वतःच वाढवलेला सांधा वापरायचा, आणि जिथे तो नसेल तिथे खाच पाडून सालीच्या दोरीने आवळायचं. हत्यारं दोनच, कुऱ्हाड आणि वाकस. सपाट बाजू हवी असेल तर उभ्या उभ्या वाकसाने सोलत जायचं. त्या तासलेल्या खांबांवर हात फिरवला की घावांच्या उथळ लाटा हाताला लागतात.

मुलांचं शिक्षण साल काढण्यापासून सुरू होई. कापून आणलेल्या वाशांची साल ओली असतानाच काढली नाही तर तिच्याखाली किडा शिरतो. हे काम पोरांकडे. त्यात चूक झाली तरी वासा वाया जात नाही, आणि लाकडाचे तंतू कोणत्या बाजूला धावतात हे बोटांना आपोआप कळतं. मग कुऱ्हाडीचा दांडा बसवणं, मग खाटेचा पाय, मग नांगराचे भाग. माझ्या चौथीतल्या मुलांना अपूर्णांक जमत नसत, पण दांड्याला कुठलं लाकूड असं विचारलं की वर्गातून एका सुरात उत्तर येई : धावडा. तो चिवट असतो, घाव बसल्यावर हाताला झिणझिण्या येऊ देत नाही. मुसळाला खैर. गाडीच्या दांड्यांना तिवस. ढोलाच्या खोडाला शिवण, कारण ती हलकी आणि कोरायला सोपी. खांबाला साग, तो नसेल तर सादडा. अंजन इतका जड की पाण्यात बुडतो आणि करवतीचे दात खातो. मोहावर मात्र कुऱ्हाड चालवायची नाही, त्याची फुलं उन्हाळाभर घर चालवतात. हे ज्ञान कुठल्याही पुस्तकातून आलेलं नव्हतं, आणि ते एकट्या कुणाचं नव्हतं.

याच हातांनी देवही घडवले. नवापूर, अक्कलकुवा आणि पलीकडच्या गुजरातेत राहणाऱ्या गावित, वसावे, चौधरी लोकांत लाकडी मगरीची पूजा आहे. एबरहार्ड फिशर आणि हकू शाह यांनी दक्षिण गुजरातेतल्या या मोगरा देवाच्या मूर्तींवर १९७१ मध्ये पुस्तक काढलं, तेव्हा बाहेरच्या जगाला त्यांची नीट ओळख झाली. एका खोडातून कोरलेली मगर खांबांवर आडवी ठेवलेली, कधी दोन्ही टोकांना तोंड असलेली. वाघदेवाची लाकडी फळी आपल्याकडेही शिवारात उभी दिसते. संग्रहालयात या मूर्ती ‘कला’ म्हणून ठेवल्या जातात. मला त्यांच्यात वाकसाचे तेच घाव दिसतात जे खांबावर दिसतात.

खाली तापीकाठी गोष्ट वेगळी. तिथे सुतार बलुतेदार. नांगर, वखर, पांभर, गाडी यांची दुरुस्ती वर्षभर करायची आणि मोबदला खळ्यावर धान्याच्या रूपात घ्यायचा. मृगाच्या आधीचे पंधरा दिवस सुताराच्या दारात माणसांची रीघ. पांभरीचं चाडं हे त्याच्या कौशल्याची परीक्षा. लाकडी वाटीच्या तळाशी पाडलेली भोकं सारख्या मापाची आणि सारख्या उताराची असली तरच प्रत्येक नळ्यातून सारखं बी पडतं. एक भोक जरा अरुंद राहिलं तर पीक उगवल्यावर सगळ्या गावाला त्या ओळीतला विरळपणा दिसतो, आणि सुताराचं नाव निघतं.

गाडीचं आरे असलेलं चाक आपल्याला अनादी काळापासूनचं वाटतं. दख्खनच्या खेड्यांत ते इतकं जुनं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या तृतीयांशापर्यंत बऱ्याच ठिकाणी जड, अखंड चाकाच्या गाड्या चालत. १८३० च्या दशकात जमीन मोजणीच्या कामावर आलेल्या गेसफर्ड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने सोलापूर जिल्ह्यात टेंभुर्णीला गाड्यांचा कारखाना काढला. तिथली हलकी गाडी हळूहळू इतरत्र गेली आणि गावोगावच्या सुतारांनी ती आपलीशी केली. बाभळीचा तुंबा, त्यात ठोकलेले आरे, आऱ्यांवर पाटे, आणि सर्वांवर लोखंडी धाव. धाव मुद्दाम चाकापेक्षा किंचित लहान करायची, गोवऱ्यांच्या आगीत लाल करायची, फुगली की चाकावर चढवायची आणि लगेच पाणी ओतायचं. लोखंड आकसतं आणि सगळे सांधे एकमेकांत करकचून बसतात. हे काम सुतार आणि लोहार मिळून करत. बाभळीचे ओंडके त्याआधी कितीतरी महिने नाल्यात किंवा तळ्यात बुडवून ठेवत. पाण्यात लाकडातला गोड अंश निघून जातो, मग भुंगा त्याच्याकडे फिरकत नाही.

सुताराच्या घरातल्या मुलाचा पहिला धडा भोक पाडण्याच्या सामत्याची दोरी ओढण्याचा. बाप सामता उभा धरणार आणि पोरगा दोरी मागे-पुढे ओढून तो फिरवणार. तासन् तास. मग धार लावणं. रंधा हातात यायला वर्षं लागत. कामाचं टेबल नव्हतंच. जमिनीवर बसून पायाच्या बोटांत लाकूड पकडायचं. साहेबी पद्धतीचं टेबल आणि शिकंजा शाळा-कारखान्यांतून नंतर आले. म्हणजे डोंगरात आणि सपाटीवर दोन्हीकडे शिकायची जागा घरच होती, फरक एवढाच की सपाटीवर ते घर कुणाचं हे जन्माने ठरलेलं होतं. सुताराच्या मुलीला हे शिक्षण नव्हतंच. डोंगरातही बायका बांबू विणत, कूड लिंपत, पण वाकस त्यांच्या हातात क्वचितच येई. याचं मला वाईट वाटतं, आणि म्हणूनच मी ते इथे लिहिते आहे.

आता मोडण्याची गोष्ट. ब्रिटिशांना जहाजांसाठी साग हवा होता आणि मलबार-कानड्याकडचा साग तुटू लागला होता. १८४० च्या दशकात त्यांनी नवापूरला लागून असलेल्या डांगच्या भिल राजांकडून जंगल भाडेपट्ट्याने घेतलं. तेव्हा डांगची देखरेख खानदेशच्या कलेक्टरकडे होती. पुढे १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलं आखली गेली. ज्या सागाची मेढ कालपर्यंत पोरगं बापाबरोबर जाऊन हेरून ठेवत होतं, तो साग सरकारी झाला. १९०० साली सुरतेहून नंदुरबारमार्गे अमळनेरपर्यंत ताप्ती व्हॅली रेल्वे सुरू झाली आणि नवापूर लाकडाचं गाव बनलं. जंगलातून ओंडके गाड्यांनी येत, वाघिणीत चढत आणि सुरतेकडे जात. नवापूर स्टेशनचा अर्धा भाग आज महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे म्हणून लोक तिथे फोटो काढतात. लाकडाला मात्र ती सीमा कधीच नव्हती.

माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, वनखात्याच्या लाकूड आगारात कारकून होते. सुटीत मी त्यांच्याबरोबर जाई. ओंडक्याच्या मध्यावर फीत गुंडाळून गोलाई घ्यायची, तिचा चौथा हिस्सा काढायचा, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचं. मी मोठी झाल्यावर हिशेब करून पाहिला : या रीतीने ओंडक्याच्या खऱ्या घनफळाच्या सुमारे ७८ टक्केच माप निघतं. उरलेला पाचवा हिस्सा फळ्या काढताना जाणाऱ्या बाकांचा आणि भुशाचा समजून आधीच सोडलेला असतो. मोजलेल्या ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर शिक्क्याच्या हातोड्याने ठसा मारत. ठसा नसलेलं लाकूड म्हणजे चोरीचं. नाना एकदा म्हणाले होते, “ज्याच्या दारातलं झाड, त्याच्याकडेच ठसा नाही.” सरकारी नोकरीतला माणूस होता, हे वाक्य त्यांनी घरातच म्हटलं.

ठेकेदारांच्या काळात तोडणाऱ्याच्या हाती मजुरीशिवाय काही लागत नसे, आणि तीही पुरी नाही. ब्रिटिश सनदी अधिकारी सायमिंग्टन यांनी १९३९ च्या अहवालात पश्चिम खानदेशासह मुंबई प्रांतातल्या आदिवासी भागांची ही पिळवणूक मांडली. १९४७ पासून बाळासाहेब खेरांच्या सरकारने जंगल कामगार सहकारी सोसायट्या सुरू केल्या आणि कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेला जंगलाचा तुकडा, तोडण्याचं काम ठेकेदाराऐवजी त्यांना द्यायला सुरुवात केली. आदिवासी शेतकऱ्याच्या बांधावरचा साग व्यापारी कवडीमोलाने घेत, त्याला आळा घालायला १९६९ मध्ये वेगळा कायदा झाला. ‘मालकी’ची प्रकरणं म्हणतात ती हीच. या उपायांनी काही घरांत पैसा आला हे खरं. पण सगळी व्यवस्था तोडणाऱ्याची आणि विकणाऱ्याची होती. घडवणाऱ्याचा विचार तिच्यात नव्हता. डोंगरातला माणूस कूपावर सागाचे ढीग रचायचा आणि घरच्या दाराला लाकूड हवं असेल तर परवानगीसाठी खेटे घालायचा. १२ डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर विनापरवाना आरागिरण्या बंद झाल्या. जंगल वाचवायला ते हवंच होतं. मी त्या आदेशाच्या बाजूची आहे. तरीही फळी पाडून घेण्याची छोटी जागा खेड्यापासून दूर गेली, हा त्याचा परिणाम आहेच.

पुढे नर्मदेवरच्या सरदार सरोवराच्या बुडितात महाराष्ट्राची ३३ गावं आली, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणीतली. पहिलं मणिबेली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिथली घरं उतरवून ट्रकांत भरली गेली आणि पुनर्वसनाच्या वसाहतींत पुन्हा उभारली. सिमेंटचं घर असं उचलून नेता येत नाही. मेढी, आढं, वासे सुटे होतात, कारण ते सुटे व्हावेत अशाच रीतीने बसवलेले असतात. सपाटीवरच्या वसाहतींत मी अशी घरं पाहिली आहेत. जुने खांब, खालून वाळवी लागू नये म्हणून दगडावर घेतलेले. नातवाला त्यात नवा खांब घालायचा असेल तर तो आता लोखंडी पाइप आणतो. त्याच्या हातात कसब नाही असं कुणी म्हणू नये. त्याला मेढ हेरायला जंगल उरलेलं नाही.

घरातलं हे लाकडाचं शिक्षण शाळेने उचलायला हवं होतं. स्वीडनमध्ये ऑटो सालोमनने नेस इथे १८७० च्या दशकापासून तेच केलं. तिथले शेतकरी हिवाळ्यात घरी लाकडी वस्तू करत. ती चाल मरू लागली तशी त्याने ती शिक्षकांना शिकवून शाळेत नेली. सुरुवात साध्या चाकूने, एका टोकदार काडीपासून, आणि केलेली वस्तू घरात वापरण्याजोगीच हवी. आपल्याकडे १९३७ च्या वर्धा परिषदेनंतरच्या मूलोद्योगी शिक्षणात सूतकताईबरोबर सुतारकामही होतं. कोठारी आयोगानंतर ‘कार्यानुभव’ हा विषय आला. आमच्या शाळेपर्यंत तो पोहोचला तेव्हा पुठ्ठ्याची फुलदाणी आणि कागदी फुलं एवढाच उरला होता. मी एका पालकांना विनंती केली, “दादा, पोरांना दांडा बसवायला शिकवा.” ते वाकस घेऊन आले, वर्गाच्या दारात उभे राहिले आणि विचारलं, “बाई, याचे मार्क मिळतात का?” मी मिळतात म्हटलं आणि दिले. त्या तासाला एरवी शाळा चुकवणारी मुलंही हजर असत. ज्या बापाला सही करता येत नव्हती तो फळ्यासमोर उभा राहून शिकवत होता, आणि त्याच्या मुलाच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते मी दुसऱ्या कुठल्याही तासाला पाहिलं नाही.

निवृत्तीनंतर मी नंदुरबारला राहते आणि स्वतः शिकते आहे. गावात जुने लाकडी वाडे पाडले जातात, त्यांचं लाकूड वजनावर किंवा नगावर विकलं जातं. नव्याने शिकणाऱ्याला याहून चांगलं लाकूड मिळणार नाही. ते शंभर उन्हाळे-पावसाळे खाऊन मुरलेलं असतं. मात्र प्रत्येक इंच चुंबकाने तपासून खिळे काढायचे, नाहीतर रंध्याचं पातं पहिल्याच फटक्यात जातं. मला शिकवणारे सुतार आप्पा गल्लीतलेच आहेत. पहिल्या दिवशी मी फळी पुढे केली तर त्यांनी ती बाजूला ठेवली. “बाई, पहिले धार लावा, मंग लाकुडले हात लावा.” धारेच्या दगडावर पटाशीची सपाट पाठ आरशासारखी होईपर्यंत त्यांनी मला दुसरं काही करू दिलं नाही. मग गुण्या लावून रेघ मारणं, रेघेच्या बाहेरून करवत चालवणं, खतकशीने कुसवाची जाडी आखणं, पटाशीने भोक दोन्ही बाजूंनी अर्धं अर्धं पाडणं. कुसू जरा घट्टच ठेवायचा आणि शेवटची साल पटाशीने काढायची.

आपल्या हवेचा विचार सुरुवातीलाच करावा लागतो. नंदुरबारला मे महिन्यात पारा ४० च्या वर असतो आणि आषाढात भिंती ओल्या होतात. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत मात्र फुगतं आणि आकसतं. उन्हाळ्यात अगदी चपखल बसवलेलं झाकण पावसाळ्यात उघडत नाही. म्हणून रुंद फळी चौकटीत खिळ्याने जखडायची नाही, खाचेत मोकळी सोडायची. जुन्या वाड्यांच्या दारांच्या चौकटीतल्या फळ्या अशाच बसवलेल्या आहेत. मी पहिल्यांदा घडवंची केली, मग पोळपाट, मग नातीसाठी पाट. नात शेजारी बसून काचकागद घासते आणि आता पटाशी मागते आहे. देणार आहे.

सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतारांना प्रशिक्षण आणि हत्यारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत आहे. चांगली गोष्ट आहे. हत्यारांची अडचण तिने सुटेल, लाकडाची सुटणार नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावाला गौण वनोपजाचा हक्क दिला, त्यात बांबू आहे, इमारती लाकूड नाही. २०१७ मध्ये जंगलाबाहेरचा बांबू ‘झाड’ या व्याख्येतून निघाला आणि बांधावर बांबू लावणारा मोकळा झाला. तेच थोड्या प्रमाणात लाकडासाठी व्हायला हवं. आगारातला लिलाव मोठ्या लॉटचा असतो, त्यात शिकणाऱ्या पोराला कुणी उभं करत नाही. हात-दोन हात लांबीचे, व्यापाऱ्याला नको असलेले तुकडे ठसा मारून, ठरलेल्या दराने तालुक्याच्या आगारातून धडगाव, मोलगी, अक्कलकुव्याच्या शाळांना आणि घरांना विकत मिळावेत. त्यासाठी नवं जंगल तोडावं लागत नाही. नानांच्या आगारात असे तुकडे कुंपणाशी पावसात कुजत पडलेले मी स्वतः पाहिले आहेत, आणि जिल्ह्याच्या वन अधिकाऱ्यांना या मागणीचं पत्र मी लिहून ठेवलं आहे. धडगावच्या माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी जे आज शिक्षक आहेत, त्यांच्या सह्या त्यावर घेणं चालू आहे.